मोटर जळाली की वायर सडली? गाडीतल्या फ्यूएल पंपाचं सर्किट असं चालतं, आणि असं बंद पडतं

जळगाव / धुळे : टाकीत पेट्रोल आहे, बॅटरी नवी आहे, सेल्फही कडक फिरतोय, पण "गाडी चालूच व्हत नही, भाऊ." चोपड्यापासून साक्रीपर्यंत कुठल्याही गॅरेजवर सकाळी तासभर बसलं, तर ही तक्रार एकदा तरी कानावर पडतेच. बऱ्याचदा उत्तरही ठरलेलं असतं : "टाकीतली मोटर गेली."

मोटर म्हणजे फ्यूएल पंप. हा पंप बदलायचा म्हणजे दुचाकीलाही हजारांत खर्च येतो, चारचाकीला त्याहून जास्त. मोटर खरंच गेली असेल तर इलाज नाही. पण कितीतरी वेळा मोटर ठणठणीत असते. गेलेला असतो दहा-वीस रुपयांचा फ्यूज, काहीशे रुपयांचा रिले, नाहीतर उंदराने कुरतडलेली वीतभर वायर. नवी मोटर बसते, पैसे जातात आणि चौथ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच जागी उभी. गाडीत कापलेली केळी भरलेली असतील किंवा रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल, तर नुकसान फक्त गॅरेजच्या बिलाचं राहत नाही. म्हणून हे सर्किट गाडीवाल्याला मोटामोटी तरी कळलेलं बरं. ज्याने विहिरीवर स्टार्टर बसवलाय, त्याला ते अवघडही नाही.

कॉक गेला, मोटर आली

जुन्या कार्बोरेटरच्या दुचाकीला पंप नव्हताच. टाकी वर, कार्बोरेटर खाली; कॉक उघडला की पेट्रोल आपोआप उतरायचं. पेट्रोल संपत आलं की कॉक रिझर्व्हला फिरवायचा, तेही संपलं की गाडी एका अंगावर आडवी करायची आणि पंपापर्यंत पोचायचं. हा उद्योग न केलेला माणूस खान्देशात सापडणं कठीण. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये टाकी मागे आणि इंजिन पुढे, त्यामुळे तिथे पंप लागला. पण तो इंजिनवरच बसलेला, पडद्याचा यांत्रिक पंप होता. इंजिन फिरलं की तो हलायचा. त्याला वायरच नव्हती.

बदल झाला तो धुराच्या नियमांमुळे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिल्ली परिसरात नव्या गाड्यांना युरो नियम लावायला सांगितलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत देशभरात पेट्रोल कारमधला कार्बोरेटर मागे पडला आणि एमपीएफआय आलं. दुचाकींना अजून वीस वर्षं मिळाली. हिरो होंडाने २००६ मध्येच ग्लॅमरची इंजेक्शनवाली गाडी आणली होती, पण ती गावात फारशी दिसली नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सक्तीचं झालं आणि शोरूममधून निघणाऱ्या जवळपास प्रत्येक दुचाकीच्या टाकीत पंप आला. म्हणजे ज्या गावात कालपर्यंत प्लग साफ करणं हीच मोठी दुरुस्ती होती, तिथे आज घरटी एक इलेक्ट्रिक पंप आहे.

पंप लागतो कशाला? जळगाव हे ठिबकचं माहेरघर, त्यामुळे इथे दाब म्हणजे काय हे कोणाला वेगळं सांगायला नको. ठिबकला साधारण एक किलो दाब पुरतो, स्प्रिंकलरला दोन-अडीच किलो. इंजेक्टरचं भोक केसाएवढं बारीक असतं. त्यातून पेट्रोल धुक्यासारखं उडायला बहुतेक गाड्यांत तीन किलोच्या आसपास दाब लागतो, काही कारमध्ये चार. नुसत्या उतारावर हा दाब मिळवायचा म्हटलं तर पेट्रोलची टाकी इंजिनाच्या वर चाळीस मीटर न्यावी लागेल. त्याऐवजी टाकीतच मोटर बसवली. आणि म्हणूनच इंजेक्शनवाली गाडी आडवी करून शेवटचं पेट्रोल उतरवण्याचा जुना उपाय आता चालत नाही.

विहिरीवरचा स्टार्टर, तोच गाडीत

विहिरीवर काय असतं ते आठवा. डीपीवरून वीज येते, फ्यूजमधून स्टार्टरला जाते. हिरवं बटण दाबलं की स्टार्टरच्या कॉइलला थोडीशी वीज मिळते, कॉइल पट्टी ओढते आणि मोठा करंट मोटरला जातो. बटणातून मोठा करंट जात नाही. तो गेला तर बटणच जळेल. ज्याने ऑटो बसवलाय त्याच्याकडे तर बटणही माणूस दाबत नाही. लाईट आली की ऑटो थोडं थांबतो, फेज तपासतो आणि मग स्टार्टर ओढतो.

गाडीत हेच सगळं १२ व्होल्टवर आणि तळहातावर मावेल एवढं आहे. बॅटरी म्हणजे डीपी. तिथून मेन फ्यूज, मग पंपाचा फ्यूज. कारमध्ये तो बहुधा १५ किंवा २० अँपिअरचा असतो. त्याच्या पुढे रिले, म्हणजे छोटा स्टार्टर. रिलेतून वायर टाकीतल्या मोटरला आणि मोटरची दुसरी वायर अर्थ म्हणून चेसीला. ऑटोचं काम करणारा असतो ईसीयू, गाडीचा छोटा कॉम्प्युटर. काही दुचाकींत वेगळा रिले नसतो, ईसीयूच पंप चालू-बंद करतो. काही नव्या कारमध्ये रिलेच्या जागी पंपाचा वेग कमी-जास्त करणारं मॉड्यूल असतं. वाट मात्र सगळीकडे तीच.

रिले उपटून पाहिला तर खाली पायांजवळ आकडे दिसतात : ३०, ८७, ८५, ८६. ही जर्मन मानकातली खूण जगभर चालते. ३० वर बॅटरीची वीज येते आणि ८७ वरून ती पंपाकडे जाते. हे दोन पाय मोठ्या करंटचे. ८५ आणि ८६ हे कॉइलचे. बहुतेक गाड्यांत कॉइलच्या एका पायाला चावी लावली की पॉझिटिव्ह मिळतं आणि दुसरा पाय ईसीयू अर्थला जोडतो. अर्थ मिळाला की 'टक्' आवाज येतो आणि ३० व ८७ आतून जोडले जातात. कॉइल जेमतेम पाव अँपिअरच्या आत घेते. पंप दुचाकीत एक-दोन अँपिअर आणि कारमध्ये चार ते आठ अँपिअरपर्यंत ओढतो.

ते दोन-तीन सेकंद

चावी फिरवल्यावर सेल्फ मारायच्या आधी टाकीतून 'घुंई' असा आवाज येतो आणि दोन-तीन सेकंदांत बंद होतो. नवी गाडी घेतलेले अनेकजण या आवाजाला घाबरून शोरूमला फोन करतात. तो बिघाड नाही. ईसीयू पंप थोडा वेळ चालवून नळीत दाब भरून ठेवतो. मग वाट बघतो की इंजिन फिरतंय का. क्रँकजवळ बसवलेला सेन्सर इंजिन फिरल्याची खूण देतो. ती खूण येत राहिली तर पंप चालू राहतो, थांबली की पंपही थांबतो.

ही व्यवस्था सुरक्षेसाठी आहे. महामार्ग ५३ वर एखादी कार ठोकली गेली, नळी फुटली, इंजिन बंद पडलं. पण चावी मात्र चालूच राहिली. पंप चावीवरच चालत असता तर त्याने टाकीतलं पेट्रोल गरम इंजिनावर ओतलं असतं. इंजिन थांबलं म्हणून पंपही थांबतो. काही गाड्यांत याशिवाय धक्क्याने उडणारा वेगळा स्विच असतो. त्याचं बटण दाबून तो परत बसवावा लागतो, आणि मोठ्या खड्ड्यातही तो कधी कधी उडतो. इंजेक्शनच्या दुचाकीत गाडी आडवी झाल्याची खूण देणारा सेन्सर असतो. गाडी पडली की तो पंप आणि ठिणगी दोन्ही तोडतो. म्हणून पडलेली गाडी उभी करून लगेच सेल्फ मारत बसलं तर ती सुरू होत नाही. चावी पूर्ण बंद करायची, पुन्हा चालू करायची आणि मग मारायचा. एवढं माहीत नसल्यामुळे लोकांनी चांगल्या गाड्या ढकलत गावात आणल्या आहेत.

हा दोन-तीन सेकंदांचा आवाज म्हणजे गाडीवाल्याच्या हातातलं फुकटचं मशीन आहे. गाडी सुरू होत नसेल तर आधी सगळं शांत करा, चावी लावा आणि कान टाकीकडे द्या.

आवाज आला, म्हणजे फ्यूज, रिले, वायर आणि मोटर निदान जिवंत आहेत. तरी गाडी सुरू होत नसेल तर सेल्फ फिरत असताना पंप चालतो का हे दुसऱ्या माणसाला ऐकायला लावा. चावी लावल्यावर आवाज येतो, पण सेल्फ मारताना येत नाही आणि प्लगवर ठिणगीही नाही, असं असेल तर संशय क्रँक सेन्सरवर घ्यायचा. इंजिन फिरतंय हेच ईसीयूला कळत नाही, तो बिचारा पंप चालू कशाला ठेवेल? इथे मोटर बदलणं म्हणजे डीपीवर फेज गेलेला असताना विहिरीतून मोटर वर काढण्यासारखं आहे.

आवाजच आला नाही तर मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा बघा. चावी लावली की तो पेटायलाच हवा. तोही पेटला नाही तर ईसीयूलाच वीज नाही. मग मेन रिले किंवा ईसीयूचा फ्यूज बघायचा, पंप राहू द्यायचा. दिवा पेटतो पण पंप गप्प, तेव्हा मात्र पंपाच्या वाटेने पुढे जायचं.

आधी फ्यूज, मग रिले, मोटर सगळ्यात शेवटी

फ्यूज काढून उजेडाकडे धरला की आतली पट्टी तुटलेली दिसते. तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाकायचा. तो लगेच पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी चेसीला लागते आहे किंवा मोटर आत अडकली आहे. अशा वेळी सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणारे लोक आहेत. स्टार्टरच्या फ्यूजला तार बांधायची सवय गाडीत घेऊन आलेले. शेतात त्याने मोटर जळते. गाडीत ती वायर पेट्रोलच्या टाकीत जाते, हे लक्षात ठेवायला हवं.

रिलेची परीक्षा सोपी आहे. अनेक कारमध्ये हॉर्नचा, पंख्याचा आणि पंपाचा रिले एकाच नंबरचा असतो. पाय आणि छापलेला नंबर जुळत असेल तर अदलाबदल करून बघायची. पंप बोलू लागला आणि हॉर्न गप्प झाला, म्हणजे रिले गेला. रिलेचा 'टक्' आवाज आला म्हणून तो चांगला, असं मात्र समजू नये. कॉइल ओढते पण आतले पॉइंट काळे पडलेले असतात, जसे स्टार्टरचे पडतात. पॉइंट घासायला स्टार्टर उघडता येतो. रिले घासत बसण्यापेक्षा नवा घेणं परवडतं.

रस्त्यात अडकलेल्या माणसाला मिस्तरी रिले काढून ३० आणि ८७ मध्ये वायर जोडून देतात. पंप थेट चालतो, गाडी घरी पोचते. तपासणीपुरतं ते ठीक. पण तीच वायर महिनाभर तशीच ठेवून फिरणारे दिसतात, तेव्हा वाईट वाटतं. अपघातात पंप थांबवणारी सगळी व्यवस्था त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकलेली असते. शिवाय गाडी बंद केल्यावरही पंप चालू राहू शकतो; सकाळी बॅटरी गार.

स्कॅनर लावल्यावर 'पी ०२३०' हा कोड आला की गॅरेजवर पंपाची ऑर्डर दिली जाते. तो कोड पंपाच्या विजेच्या वाटेतला बिघाड सांगतो. रिले, फ्यूज, वायर, कनेक्टर सगळं त्यात आलं. पंप खराब आहे असा त्याचा अर्थ नाही.

मीटर बारा दाखवतं, मोटर तरी फिरत नाही

हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण मिस्तरी सगळ्यात जास्त इथेच फसतात.

पंपाचा कनेक्टर काढला, मल्टीमीटर लावलं, १२.६ व्होल्ट आले. "सप्लाय ओके, मोटर डेड" असा निकाल लागला. पण कनेक्टर काढलेला असताना वायरमधून करंटच जात नाही. हिरवट गंज चढलेली, एकाच तारेवर टिकलेली वायरसुद्धा मीटरला पूर्ण व्होल्टेज दाखवते. शेतातही असंच होतं : लाईन रिकामी असते तेव्हा व्होल्टेज छान दिसतं, मोटर टाकली की खाली येतं.

हिशोब असा. समजा कारचा पंप ५ अँपिअर घेतो आणि वाटेतल्या एका खराब कनेक्टरमध्ये अर्धा ओहम अडथळा तयार झालाय. पाच गुणिले अर्धा, म्हणजे अडीच व्होल्ट तिथेच जिरले. बॅटरीवर १२.६ असतील तर मोटरला मिळाले १०.१. शिवाय त्या कनेक्टरमध्ये साडेबारा वॉटची उष्णता होते. नखाएवढ्या प्लास्टिकमध्ये एवढी उष्णता म्हणजे ते पिवळं पडणार, मग तपकिरी, मग वितळणार. कनेक्टर काढून बघितल्यावर एक पिन भाजल्यासारखी दिसते ती यामुळेच.

इथे विहिरीच्या मोटरशी एक फरक आहे. एसी मोटरला व्होल्टेज कमी पडलं की ती करंट जास्त ओढते आणि जळते. गाडीतला पंप डीसी असतो. व्होल्टेज कमी पडलं की तो हळू फिरतो, जळत नाही. त्यामुळे गाडी एकदम बंद पडत नाही. सपाट रस्त्यावर ती नीट चालते. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढायला लागली किंवा साक्रीच्या पुढे कोंडाईबारीला माल भरून गेली की इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, दाब पुरत नाही, गाडी आचके देते. मग प्लग बदलतात, फिल्टर बदलतात, पेट्रोलला शिव्या बसतात. दोष मात्र सीटखालच्या कनेक्टरमध्ये बसलेला असतो.

खरी तपासणी करंट चालू असतानाच होते. पंप चालू ठेवून मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी पिन पंपाच्या कनेक्टरवरच्या पॉझिटिव्ह वायरला लावायची. मीटर जे दाखवेल ते वाटेत हरवलेलं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक, एक-दीड दिसला तर वाट खराब. मग तसंच अर्थच्या बाजूने : एक पिन पंपाच्या अर्थ वायरला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. लोक पॉझिटिव्ह तपासतात आणि अर्थ विसरतात. अर्थची वायर बहुधा चेसीवर एका बोल्टखाली असते, आणि काळ्या मातीचा चिखल तिथेच बसतो. बोल्ट सोडवून सँडपेपर मारून घट्ट केला की कितीतरी "गेलेल्या" मोटरी जिवंत झाल्या आहेत.

मीटर नसेल तर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरी जोडून वापरता येतो. कारच्या पंपाचा कनेक्टर काढून त्याच्या दोन पिनांत तो लावायचा आणि दुसऱ्या माणसाने चावी फिरवायची. दोन-तीन सेकंद बल्ब कडक पेटला तर वीज चांगली, संशय मोटरवर. मिणमिणला तर वायर बघायची. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून तो मीटरसारखा फसत नाही. पण ईसीयूच्या बारीक वायरींवर तो कधीच लावू नये, ईसीयू जाईल. ज्या दुचाकीत पंप थेट ईसीयूवर चालतो तिथेही हा प्रयोग घरी करू नये.

उंदीर, प्रेशरचं पाणी आणि सहाव्या महिन्यातली टाकी

शेतातल्या घरी किंवा खळ्यात उभी राहणारी गाडी हे उंदरांचं आवडतं ठिकाण. मका, ज्वारी घरात आली की उंदीर येतात आणि थंडीत गरम इंजिनाखाली मुक्काम करतात. मागच्या सीटखालून टाकीकडे जाणारी वायर त्यांच्या वाटेवरच असते. वायर पूर्ण तुटली तर बरं, लगेच सापडते. अर्धी कुरतडलेली वायर पाऊस आला की त्रास देते आणि ऊन पडलं की नीट चालते.

दुसरा शत्रू धुण्याचा. प्रेशरच्या पाण्याने दुचाकी सीटखालून धुतली की पाणी कनेक्टरमध्ये जातं. तिथे रबरी सील असतं, पण एकदा कोणी उघडून निष्काळजीपणे बसवलं की ते सील फक्त नावाला उरतं.

तिसरी गोष्ट पेट्रोलची. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी धरतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो. पंपाचं तोंडही तळाशीच. रोज चालणाऱ्या गाडीला याचा त्रास सहसा होत नाही. पण पोरगा पुण्याला गेला म्हणून सहा महिने ओट्यावर उभी राहिलेली गाडी, अर्धी रिकामी टाकी, वर झाकणाचं सील फाटलेलं, अशी गाडी पावसाळ्यानंतर सुरू करताना आधी टाकीतलं पेट्रोल बघितलेलं चांगलं.

रिझर्व्हवर मे महिना काढू नका

टाकीत पेट्रोल, त्यात विजेची मोटर, मोटरच्या आत कार्बन आणि त्यांच्यावर बारीक ठिणग्या. मग स्फोट कसा होत नाही? पेट्रोलच्या वाफेला पेटायला हवा लागते, आणि तीही मापात. हवेत वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच भडका उडतो. बंद टाकीत वाफ त्याहून कितीतरी जास्त असते आणि पंपाच्या आत तर हवा नसून पेट्रोलच असतं. ते पेट्रोलच मोटरला थंड ठेवतं आणि तेलासारखं कामही करतं.

सबमर्सिबल मोटर पाण्याबाहेर चालवली तर काय होतं हे शेतकऱ्याला विचारायची गरज नाही. टाकीतल्या मोटरचंही तेच. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, डांबरावरून उष्णता वर येते आणि टाकीत फक्त लिटरभर पेट्रोल. वळणावर, चढावर ते बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो. एकदा झालं तर काही होत नाही. रोज शंभर रुपयांचं पेट्रोल टाकून रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्याची मोटर मात्र लवकर आवाज करू लागते. टाकीत चौथाई पेट्रोल ठेवायचं, एवढाच इलाज.

गॅसवर चालणाऱ्या व्हॅन आणि ओम्नीवाल्यांनी हे जास्त जपावं. बाहेरून बसवलेल्या कित्येक किटमध्ये गाडी गॅसवर गेली की फक्त पेट्रोलचे इंजेक्टर बंद होतात, पंप चालूच राहतो. गॅस स्वस्त म्हणून टाकी कोरडी ठेवली की पंप दिवसभर कोरडा फिरतो. एक तर टाकीत चार-पाच लिटर पेट्रोल कायम ठेवावं, नाहीतर चांगल्या कारागिराकडून गॅसवर असताना पंप बंद करणारा रिले बसवून घ्यावा.

चोर स्विच लावायचा तर

दुचाकी चोरीच्या भीतीने गावोगाव छुपे स्विच बसवले जातात आणि त्यासाठी सगळ्यांची आवडती जागा म्हणजे पंपाची वायर. कल्पना चांगली, गाडी थोडं अंतर जाते आणि बंद पडते. चूक होते ती बसवण्यात. पंपाची मोठी वायर कापून त्यात दहा रुपयांचं बटण टाकतात आणि वर नुसती टेप गुंडाळतात. वर सांगितलेला अर्ध्या ओहमचा हिशोब इथे लागू होतो. वर्षभरात बटण गरम होऊन गाडी भर रस्त्यात बंद पडायला लागते, आणि तोवर बटण कुठे लावलंय हे घरच्यांच्याही लक्षात नसतं. रिले असलेल्या गाडीत स्विच टाकायचाच असेल तर रिलेच्या कॉइलच्या वायरमध्ये टाकावा. तिथे करंट जेमतेम असतो. वॉरंटीतली गाडी असेल तर वायर कापण्याआधी शोरूमला विचारून घ्यावं, नंतर वाद नको. गाडी जुनी घेतली असेल तर मागच्या मालकाने असा स्विच किंवा जीपीएसची पेटी लावली होती का, हेही विचारावं. चांगल्या गाडीला न सापडणारा आजार पुष्कळदा तिथेच असतो.

डिझेलवाल्यांचं काय

जुन्या ट्रॅक्टरला आणि जीपला टाकीत मोटर नाही. तिथे फीड पंप इंजिनावरच असतो, हाताने दाबायचा प्रायमर असतो, आणि डिझेल संपलं की हवा काढावी लागते. विजेचा भाग म्हणजे फार तर स्टॉप सोलेनॉइड. त्याची वायर निसटली तर कित्येक गाड्यांत डिझेल अडतं आणि सेल्फ फिरूनही इंजिन उठत नाही. कॉमन रेलच्या गाड्यांत मोठा दाब तयार करणारा पंप इंजिनावर असतो, पण काहींत त्याला डिझेल पोचवणारा कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप टाकीत किंवा चेसीवर असतो. २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागले, त्यामुळे ईसीयू, सेन्सर आणि रिले आता ट्रॅक्टरच्या बॉनेटखालीही येताहेत. तपासायची पद्धत तीच : फ्यूज, रिले, चालू करंटवर वायर, अर्थ, शेवटी पंप.

टाकी उघडण्याआधी

आवाज ऐकणं, फ्यूज बघणं, रिले बदलून पाहणं, अर्थचा बोल्ट साफ करणं हे घरी करता येतं. टाकी उघडणं घरचं काम नाही. बंद टाकीत वाफ पेटत नाही. झाकण उघडलं की हवा मिसळते आणि तीच वाफ पेटण्याच्या मापात येते. नळीतही गाडी बंद केल्यावर बराच वेळ तीन किलोचा दाब राहतो, त्यामुळे जोड सोडवला की पेट्रोल डोळ्यात उडतं. आधी दाब उतरवावा लागतो, बॅटरीची निगेटिव्ह काढावी लागते, जागा उघडी लागते. काढलेला पंप टेबलावर ठेवून बॅटरीला थेट लावून "बघू फिरतो का" हा प्रयोग तर अजिबात नको. आतल्या ठिणग्या आता हवेत आहेत आणि बाहेर पेट्रोल ठिबकतंय.

मोटर बदलायचंच ठरलं तर दोन गोष्टी मागून घ्याव्यात. एक, गेज लावून दाब किती येतो ते डोळ्यांनी बघावं. मोटर फिरते पण दाब येत नाही, असं असेल तर आधी फिल्टर आणि रेग्युलेटर बघितला पाहिजे. दोन, कित्येक गाड्यांत मोटर, जाळी आणि फ्लोट वेगवेगळे मिळतात, तरी बिल पूर्ण असेंब्लीचं लागतं. सुटा भाग मिळतो का ते विचारावं. आणि काढलेली जुनी मोटर गॅरेजवर सोडून येऊ नये.